मासिक उत्पन्नाचा रकाना

कर्जाच्या अर्जावर नाव, पत्ता, वय, शिक्षण लोक भराभर लिहितात. पेन अडतो तो 'मासिक उत्पन्न' या रकान्यापाशी. काही जण समोरच्या माणसाकडे बघतात, काही जण सोबत आलेल्या बायकोकडे, आणि बरेच जण हळूच विचारतात, "साहेब, किती लिहू?"

बार्शीतल्या एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात माझी सारी नोकरी झाली. हमाल, मास्तर, आडते, गिरणी कामगार, एसटीचे वाहक, अंगणवाडीच्या ताई, टपरीवाले, बागायतदार, सगळे कधी ना कधी माझ्या टेबलासमोर बसून गेले. गावात कोण किती मिळवतो याच्या गप्पा पांडे चौकात रोज रंगतात. खरे आकडे मात्र पगारपत्रकावर, आडतीच्या पट्टीवर आणि पासबुकाच्या पानांवर असतात, आणि ते कागद आमच्याकडे यायचे. त्या कागदांमागचे काही किस्से आज सांगतो. नाव कुणाचंच घेणार नाही, कारण ती माणसं माझ्यापाशी विश्वासानं बोलली होती.

या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं, ते आधीच सांगतो. कमाई थोडी असल्याचं दुःख माणूस पचवतो. ती कधी येईल, येईल की नाही, आणि तिचा आकडा कोण ठरवणार, हे ठाऊक नसणं त्याला आतून पोखरतं.

एका माणसाचे चार आकडे

कसब्यातले एक किराणा दुकानदार आमचे जुने खातेदार होते. आमच्याकडे ते महिन्याचं उत्पन्न चाळीस हजार सांगत, कारण तेवढ्या उत्पन्नावरच त्यांना हवा तो हप्ता बसत होता. तहसील कचेरीतून मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या दाखल्यावर वर्षाला ऐंशी हजार होते. मुलाच्या लग्नासाठी छापलेल्या बायोडाटात महिना साठ हजार होते. आणि घरी विषय निघाला की वहिनी म्हणत, "कसले हो पैसे? आलेले सगळे माल भरण्यातच जातात."

मला सुरुवातीला राग यायचा. पुढे कळलं की आपण प्रत्येक खिडकीवर खरं बोलणाऱ्याचंच नुकसान करून ठेवलं आहे. संजय गांधी निराधार योजनेचंच घ्या. तिथे कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये. म्हणजे महिन्याला १,७५०. एवढ्यात बार्शीत काय, बार्शी तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरही घर चालत नाही. पण खरा आकडा सांगितला तर घरातल्या विधवा सासूचे महिन्याचे दीड हजार जातात. असा नियम असताना माणसानं खरं सांगावं अशी अपेक्षा कोणत्या तोंडानं करायची?

खरा आकडा एकाच माणसाला ठाऊक असायचा, आमच्या पिग्मी एजंटला. रोज संध्याकाळी तो टपऱ्या, सलून, पानपट्ट्या, भाजीचे गाडे असं फिरून दहा-वीसपासून दोनशेपर्यंतच्या रकमा गोळा करायचा. ज्या चहावाल्याकडून रोज शंभर मिळतात त्यानं पन्नासच पुढे केले, की याला न विचारता समजायचं: आज धंदा नाही, किंवा घरात कुणी आजारी आहे. एकदा मी एका गाडेवाल्याच्या अर्जावर त्याचं मासिक उत्पन्न काढत बसलो होतो. एजंट शेजारी उभा होता. म्हणाला, "साहेब, ह्या लोकांचं उत्पन्न महिन्याचं नसतंच. आजचं असतं. तिसानं गुणायची सवय आपली."

ते वाक्य मी पुढे प्रत्येक नव्या कारकुनाला सांगत आलो. गाडेवाल्याच्या महिन्यात तीस दिवस नसतात. पावसाचे दिवस, बंदचे दिवस, आजारपणाचे आणि नात्यातल्या लग्नांचे दिवस वजा जातात. त्या दिवसांचे पैसे त्याला कुणी देत नाही.

मास्तरांना जामीन कोण?

बार्शी हे शिक्षणाचं गाव. कर्मवीर मामासाहेब जगदाळे यांनी श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळ उभं केलं आणि खेड्यापाड्यातल्या पोरांना वसतिगृहात आणून शिकवलं. त्यामुळे इथे 'मास्तर' म्हटलं की आजही मान आपोआप झुकते. अनुदानित शाळेतल्या शिक्षकाला सातव्या वेतन आयोगाचा पगार असतो, आणि जामीनदार म्हणून त्याला गावभर मागणी असते. आमच्याकडेही कर्जदार आधी म्हणायचा, "जामीन शिक्षक आहे साहेब." मग आम्ही निश्चिंत.

एका जूनमध्ये मात्र उलटं घडलं. एम.ए., बी.एड. झालेले एक शिक्षक छोट्या कर्जासाठी आले. बायकोचं बाळंतपण जवळ आलं होतं. ते शिकवत होते त्या शाळेला अनुदान नव्हतं. संस्था देईल तेव्हा आणि देईल तेवढे पैसे मिळत. त्यांच्याकडे पगारपत्रक नव्हतं, नियुक्तीचं पत्र होतं, तेही झेरॉक्स. मी जामीनदार मागितला. दुसऱ्या दिवशी ते एका हमालाला घेऊन आले.

हमाल पन्नाशीचे, खांद्याला घट्टा पडलेला, टॉवेल तसाच मानेवर. त्यांनी खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं पासबुक काढलं. त्यावर माथाडी मंडळाकडून जमा झालेली मजुरी दर महिन्याला ओळीनं होती. भविष्यनिर्वाह निधीची चिठ्ठीही होती. आमच्या नियमात ते चोख बसत होते. मास्तर नव्हते बसत.

मी विचारलं, "मामा, तुम्ही जामीन का राहताय?"

"माझ्या पोरीला शिकवत्यात ते. शाळा सुटल्यावर बी शिकवत्यात, पैसे न घेता. मी न्हाई राहायचं तर कुणी राहायचं?"

मास्तर खाली मान घालून बसले होते. सही करताना त्यांचा हात थरथरला, हमालांचा नाही.

हमालांच्या पासबुकात ही मजुरीची ओळ आली कुठून, तेही सांगायला हवं. १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत माथाडींची संघटना बांधली, पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, आणि त्या धडपडीतून हे घडलं. नोंदणीकृत हमालाची मजुरी मालक मंडळात भरतो, वर निधी, उपदान, औषधोपचार, बोनस यासाठी ठरलेली लेव्ही भरतो, आणि मंडळ ती हमालाच्या नावावर करतं. ओझं पाठीवरच राहिलं, पण दर कागदावर आला. ज्यांची नोंद नाही त्यांची अवस्था आजही वाईट आहे, हेही मी पाहिलं आहे.

शिक्षकांच्या बाबतीत उलट झालं. शाळा वाढल्या, अनुदान आलं ते वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी, आणि तेही आंदोलनं करून. अधिकृत निवड होऊन आलेल्या शिक्षणसेवकाला तीन वर्षं मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकला सहा हजार, माध्यमिकला आठ हजार, उच्च माध्यमिकला नऊ हजार हे दर कित्येक वर्षं तसेच होते. २०२३ मध्ये ते सोळा, अठरा आणि वीस हजार झाले. मधल्या काळात आमच्याकडे आलेल्या कितीतरी शिक्षणसेवकांच्या लग्नाची कर्जं त्यांच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर निघाली.

त्या मास्तरांचे हप्ते कधी आठ दिवस उशिरा आले, पण बुडाले नाहीत. एकदा मी त्यांना विचारलं की गावातल्या एखाद्या मोठ्या दुकानात हिशेबाला बसलात तर यापेक्षा जास्त मिळतील, मग का नाही सोडत? ते म्हणाले, "दुकानात मला कोणी सर म्हणणार नाही." त्या 'सर'वर आपण त्यांना किती वर्षं राबवून घेतलं, याची मला अजून टोचणी आहे.

दोन रुपयांचा धनादेश

बार्शीची बाजारपेठ ज्वारीची आणि कडधान्यांची. अलीकडे सोयाबीनची आवकही मोठी. लिलाव झाला, माप झालं, की आडतीतून शेतकऱ्याला पट्टी मिळते. पट्टीच्या वरच्या ओळीत मालाचं वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, घेतलेली उचल, आणि शेवटी निव्वळ रक्कम. पीककर्ज मागायला आलेला शेतकरी पट्ट्यांचा गठ्ठा दोरीनं बांधून आणायचा. मी वरच्या ओळी वाचायचो. तो मला शेवटची ओळ बोटानं दाखवायचा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आमच्याच तालुक्यातल्या बोरगावची एक पट्टी देशभर गाजली. तिथल्या एका शेतकऱ्यानं दहा पोती कांदा सोलापूरच्या बाजार समितीत नेला. वजन भरलं ५१२ किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. ५१२ रुपयांतून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन राहिले २ रुपये ४९ पैसे. हातात पडला दोन रुपयांचा धनादेश, तोही पुढल्या तारखेचा. त्याचा फोटो वर्तमानपत्रांत आला, विधानसभेत गोंधळ झाला, आणि मार्चमध्ये सरकारनं क्विंटलला आधी ३०० आणि मग ३५० रुपयांचं अनुदान जाहीर केलं.

त्या दिवसांत बाजारातल्या एका जुन्या हमालाशी माझं बोलणं झालं. मी म्हटलं, "मामा, शेतकऱ्याला दोन रुपये आणि त्याच पट्टीत हमाली वजा झालेली."

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "माझं बी दीड एकर हाय साहेब. मला कळत नसंल व्हय? पर पोत्याचं वजन भाव बघून कमी हुतं का? कांदा एक रुपयानं गेला तरी पन्नास किलोच, तीस रुपयानं गेला तरी पन्नास किलोच."

त्या पट्टीत हमालाचा दर ठरलेला होता, मापाड्याचा ठरलेला होता, गाडीवाल्याचा ठरलेला होता. पिकवणारा तेवढा उरल्यासुरल्याचा धनी. तूर, सोयाबीन, ज्वारी यांना निदान हमीभाव जाहीर होतो, पण तो हातात पडेल याची हमी नसते. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारातले सौदे त्याच्या खालीच होत होते. खरेदी केंद्राच्या रांगेत थांबायची ऐपत ज्याच्याकडे नाही तो पडेल भावात देऊन मोकळा होतो, कारण आमचा हप्ता मार्चअखेर असतो. ही आमच्या धंद्याची बाजू आहे आणि ती झाकून ठेवायचं कारण नाही. आमची वसुली सोपी व्हावी म्हणून ठरवलेली तारीख शेतकऱ्याला पडत्या बाजारात ढकलते.

याच तालुक्यात वेगळंही घडतं. गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी सीताफळाचं 'एनएमके-१ गोल्डन' हे वाण निवडून वाढवलं आणि त्याची रोपं राज्याबाहेरही गेली. कोरडवाहू जमिनीत आलेल्या या पिकानं काही घरांना चांगले दिवस दाखवले. पण त्या वाटेनं जायला बरीच वर्षं पदरचं घालून थांबावं लागतं. ज्याला सहा महिने थांबवत नाही त्याला ती वाट दिसूनही उपयोगाची नाही.

छोट्या रेल्वेची मोठी लढाई

आमच्या पतसंस्थेत जुन्या सभासदांमध्ये रेल्वेवाल्यांची बरीच घरं होती. म्हातारे सभासद व्याजाचं बोलायला येत आणि बार्शी लाइट रेल्वेच्या गोष्टी सांगत बसत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फूट रुंदीच्या रुळांवर ही रेल्वे उभी केली. १८९७ मध्ये ती बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत धावू लागली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोचली. कंपनी विलायतेतली, गार्ड, फायरमन आणि गँगमन आपल्याकडचे.

याच रेल्वेच्या कामगारांमुळे देशाचा कामगार कायदा बदलला, हे बार्शीतही फार थोड्यांना ठाऊक आहे. मला ते एका निवृत्त रेल्वे कामगाराच्या मुलानं सांगितलं, आणि नंतर मी निकाल मिळवून वाचला.

१ जानेवारी १९५४ पासून ही रेल्वे सरकारच्या ताब्यात जायची होती. कंपनीनं सगळ्या कामगारांना नोटीस दिली: ३१ डिसेंबर १९५३ ला तुमची नोकरी संपली. दुसऱ्या दिवशी सरकारी रेल्वेनं बहुतेकांना कामावर घेतलं. पण कामगारांचा प्रश्न साधा होता. इतकी वर्षं कंपनीकडे घाम गाळला, कंपनीनं आम्हाला काढलं, तर त्या वर्षांची भरपाई कोण देणार? संघटनेच्या बाजूनं के. एन. जोगळेकर लढले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि बडोद्याच्या एका बंद पडलेल्या कापड गिरणीच्या प्रकरणासोबत त्याचा निकाल लागला. तारीख होती २७ नोव्हेंबर १९५६. कोर्ट म्हणालं, चालू उद्योगातून जादा कामगार कमी केले तरच ती कायद्यातली कामगार कपात. धंदाच बंद झाला किंवा हस्तांतरित झाला तर ती कपात नव्हे, म्हणून त्या कलमाखाली भरपाई नाही.

कामगार हरले. पण निकालानं देशभरातल्या कामगारांपुढे केवढा खड्डा पडला ते सरकारच्या लक्षात आलं. १९५७ मध्ये आधी वटहुकूम निघाला, मग संसदेनं औद्योगिक विवाद कायद्यात एक कलम बदललं आणि एक नवं घातलं. धंदा बंद झाला तर सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. मालक बदलला आणि नव्या मालकानं जुन्याच अटींवर, सेवा अखंड धरून ठेवलं नाही, तरीही भरपाई. ही कलमं लागू धरली गेली ती २८ नोव्हेंबर १९५६ पासून, निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून. बार्शीच्या रेल्वे कामगारांचा हिशेब १९५३ चा. ते बाहेरच राहिले. त्यानंतर देशात जिथे जिथे कारखाना बंद पडला आणि कामगाराला कायद्यानं भरपाई मिळाली, त्या पैशामागे बार्शी लाइटच्या माणसांचं हरणं आहे.

मला ही गोष्ट सांगणाऱ्या मुलाचे वडील म्हणायचे, "आम्हाला नाही मिळालं, पण मागितलं आम्ही." त्यात कडवटपणा नव्हता. त्यांना त्याचा अभिमान होता.

गिरणीतला निम्मा पगार

रेल्वेइतकीच बार्शीची ओळख गिरण्यांची. लोकमान्य, राजन, जयशंकर ही नावं ऐकत आमची पिढी मोठी झाली. गिरणी कामगाराच्या पगारवाटपाच्या दिवशी बाजारात उधारी वसूल व्हायची, मिठाईच्या दुकानात गर्दी व्हायची, आणि आमच्या काउंटरवर रांग लागायची. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे असलेली बार्शी टेक्स्टाईल मिल, म्हणजे लोकांच्या तोंडची जयशंकर मिल, शेवटपर्यंत टिकून होती. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महामंडळाच्या देशभरातल्या गिरण्यांबरोबर तिचीही चाकं थांबली. टाळेबंदी उठली, चाकं फिरली नाहीत. कामगार निम्म्या पगारावर आले.

त्या काळात एक कामगार कर्जाची मुदत वाढवून घ्यायला आले. त्यांना काम नव्हतं, पण निम्मा पगार तरी होता. गाडेवाल्याच्या तुलनेत बरंच म्हणायचं, असं माझ्या मनात आलं आणि मी ते बोललोही. ते म्हणाले, "साहेब, काम करून निम्मा दिला असता तर भांडलो असतो. काही न करता निम्मा घेताना भांडायचं तोंड राहत नाही. आणि पुढच्या महिन्यात येईल का नाही ते कुणी सांगत नाही."

पैशाबरोबर माणसाचं काम काढून घेतलं की उरलेले पैसेही त्याला आपले वाटत नाहीत, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांच्या मुलानं तोवर पुण्यात सामान पोचवण्याचं काम धरलं होतं. फोनवर रोज किती फेऱ्या, किती रुपये ते दिसायचं. दर मात्र कधी बदलेल ते त्यालाही कुणी सांगत नव्हतं. बाप आणि लेक, दोघांच्या कमाईचा आकडा दूर कुठेतरी बसलेली माणसं ठरवत होती.

बाईच्या नावापुढे 'घरकाम'

नवरा-बायको मिळून कर्जाला आले की बाईच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात नवराच 'घरकाम' लिहायचा. एकदा एका ताईंनी त्याचा हात थांबवला. "कडक भाकरी लिहा," म्हणाल्या. ज्वारीच्या कडक भाकरी करून त्या दुकानांना पुरवायच्या, पहाटे चारला चूल पेटवून. मी हिशेब मांडला. पीठ, सरपण, पॅकिंग वजा जाऊन त्यांची कमाई नवऱ्याच्या पगाराच्या जवळपास जात होती. नवरा चकित झाला. त्यापेक्षा जास्त चकित त्या स्वतः झाल्या. "एवढं मिळतं मला?" असं त्यांनी दोनदा विचारलं. पैसे येत होते आणि घरात मुरत होते, त्यामुळे ते कधी एकत्र दिसलेच नव्हते.

शेतमजूर बायकांचं दुखणं वेगळं. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ मध्येच झाला, पण खुरपणीला गेलेल्या बाईची मजुरी आजही गड्यापेक्षा कमी. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं रोजगार हमी सुरू केली, तेव्हा खडी फोडायला आमच्या भागातल्या बाया गड्यांच्या शेजारी बसल्या आणि मोजमापाप्रमाणे दाम घेऊन आल्या. त्या पिढीतल्या एका आजींनी मला सांगितलं होतं की स्वतःच्या हातात स्वतःच्या नावानं पैसे पहिल्यांदा पडले ते दुष्काळातच. केंद्राच्या रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरली. दर बाईला आणि गड्याला एकच.

अंगणवाडी सेविका तर आमच्या सर्वांत प्रामाणिक कर्जदार. त्यांचं मानधन २०२३ मध्ये ८,३२५ वरून १० हजार झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांना पुन्हा संपावर जावं लागलं. पुढे २०२४ मध्ये ते १३ हजारांवर आलं. संपाच्या दिवसांत एक ताई हप्ता घेऊन आल्या. मी म्हटलं, थांबा, नंतर भरा. त्या म्हणाल्या, "सरकारनं थकवलं म्हणून मी तुमचं थकवू का?"

वाहकाची पिशवी आणि अभ्यासिकेतला दिवा

एसटीचा वाहक दिवसभर दुसऱ्याचे हजारो रुपये मोजतो आणि डेपोत भरून रिकाम्या हातानं घरी येतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेला संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला. सरकारनं नोव्हेंबरमध्येच मूळ वेतनात सेवेच्या वर्षांप्रमाणे अडीच ते पाच हजारांची वाढ जाहीर केली, तरी एसटीच्या राज्य सरकारात विलीनीकरणाच्या मागणीसाठी लोक संपावरच राहिले. त्या हिवाळ्यात आमच्या एका वाहक खातेदारानं भाजीचा गाडा लावला. मी त्यांच्याकडून मेथी घेतली, तेव्हा त्यांनी सुटे पैसे इतक्या सफाईनं मोजून दिले की आम्ही दोघंही क्षणभर बोललो नाही. संप मिटल्यावर ते गणवेशात आले आणि तुंबलेले हप्ते भरायची तारीख स्वतःच सांगून गेले. तारीख सांगता आल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

आपल्याकडची मुलं सरकारी नोकरीच्या मागे का लागतात, याचं उत्तर त्या तारखेत आहे. बार्शीच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. तालुक्यातल्या महागावचे रमेश घोलप हे या मुलांचं दैवत. आई गावोगाव बांगड्या विकायची, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, स्वतःला पोलिओ. आधी शिक्षकाची नोकरी आणि मग २०१२ मध्ये आयएएस. मुलांनी त्यांच्याकडून जिद्द घ्यावी. पण जागा थोड्या आणि मुलं हजारो, हे मी अभ्यासिकेच्या फीसाठी सोनं तारण ठेवणाऱ्या आयांच्या रांगेत पाहिलं आहे. गावात दर महिन्याला ठरल्या दिवशी पगार देणारी खासगी कामं असती, तर यातली अर्धी रांग कमी झाली असती.

असं काम गावात होऊ शकतं, याचा दाखलाही बार्शीतच आहे. डॉ. बी. एम. नेने यांच्या पुढाकारानं इथे कर्करोग रुग्णालय उभं राहिलं. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी बार्शीत सुरू झाली. शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा अभ्यास २००९ मध्ये जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापला गेला. अशा कामासाठी गावोगाव फिरणारा एक कार्यकर्ता मोटारसायकलच्या कर्जाला आला होता. पगार बेताचाच. पण 'मासिक उत्पन्न' या रकान्यात त्यानं न थबकता आकडा लिहिला आणि म्हणाला, "आमच्या नोंदी जगभर वाचल्या जातात, साहेब." थोडा, पण ठरलेला पगार आणि कामाचा मान, एवढं मिळालं की माणूस ताठ बसतो.

आपल्या हातातलं

हमीभाव, वेतन आयोग, गिरणीचं भवितव्य हे आपल्या हातात नाही. पण बार्शीत दुकानं, गोडाऊनं, डाळ मिल, शाळा, दवाखाने चालवणारे आपणच आहोत. आपल्या घरी भांड्याला येणाऱ्या मावशींच्या पगाराचा मालकही आपणच. म्हणून वाचकांना तीन गोष्टी कळकळीनं सांगतो. ज्याला कामाला ठेवलंय त्याच्या पगाराची तारीख ठरवा आणि ती मोडू नका. काय दिलं आणि काय कापलं ते कागदावर लिहून त्याच्या हातात द्या, रक्कम कितीही छोटी असो. आणि त्यानं मागण्याची वाट न बघता वर्षातून एकदा दर वाढवा. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना तर एक पैसाही जास्त लागत नाही. येत्या एक तारखेपासून सुरुवात करा.